मूर्ती दोन मिलिमीटर

रोल पिन म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी गुंडाळून केलेली पोकळ नळी. तिच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक उभी फट असते. ज्या भोकात तिने राहायचे, त्या भोकापेक्षा ती जाड असते, आणि तिचे सगळे शास्त्र या एका उद्धटपणात सामावलेले आहे. आयएसओ 8752 या मानकाप्रमाणे 3 मिलिमीटरची पिन मोकळी असताना 3 मिलिमीटरची नसतेच, ती 3.3 ते 3.5 भरते. 2 ची पिन भरते 2.3 ते 2.4. भोक मात्र नावाप्रमाणे 3 चे किंवा 2 चेच पाडायचे. ठोकायला लागले की फट मिटत जाते, पिन अंग चोरते, आत शिरते आणि तिथून पुढे आयुष्यभर पुन्हा फुगायचा प्रयत्न करत राहते. त्या प्रयत्नाला कारखान्यात पकड म्हणतात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत टेकलेला चौथा पासधारक नाशिकरोडला किती अंग चोरतो आणि इगतपुरी येईपर्यंत किती ऐसपैस होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला रोल पिनचे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. त्याला उठवायचे कसे, हा खरा विषय आहे.

पिनांच्या कुळात रोल पिन तशी नवीन. भरीव डॉवेल पिन जुन्या घराण्यातली; भोक रीमरने तंतोतंत करून दिल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही. टेपर पिन एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते, आणि ती जाड बाजूने ठोकून काढू पाहणारा फिटर प्रत्येक पिढीत एक तरी जन्माला येतो. स्प्लिट पिन बिचारी पाय फाकवून बसते. पाय सरळ केले की मुकाट्याने बाहेर येते. रोल पिनला यातले काही लागत नाही. साध्या ड्रिलचे भोक तिला चालते, थोडे खडबडीत असले तरी ती बोलत नाही. कारखानदारांना कमी बोलणारी आणि स्वस्तातली वस्तू नेहमीच आवडत आली आहे, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर ती सगळीकडे शिरली. 1948 मध्ये अमेरिकेत हर्मन कोल यांनी पट्टीला सव्वादोन वेढे देऊन तिची एक चुलत बहीण काढली. ही बहीण जास्त समजूतदार, धक्के सोसणारी. भारतातल्या किरकोळ दुकानात मात्र मागायला गेले की बहुतेक वेळा फटवालीच मिळते.

नाशिकमध्ये तिची ओळख करून द्यायची गरज नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत रोज किती रोल पिना ठोकल्या जातात हे कोणी मोजत नाही. ओझरला 1964 पासून विमानांचा कारखाना आहे, तिथली शिस्त वेगळी. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेतल्या फवारणी यंत्राच्या शाफ्टमधली पिन ऐन डाऊनी रोगाच्या दिवसांत तुटते. तेव्हा शेतकरी चार इंची खिळा घालतो, टोक वाकवतो आणि पुढच्या ओळीत शिरतो. या खिळ्यावर जिल्ह्याची द्राक्षशेती जितकी उभी आहे तितकी इतर कशावरही नसेल. पण खिळ्याचे हे राज्य एका वस्तूपाशी येऊन थांबते. ती वस्तू म्हणजे कपाटात, साड्यांच्या मागे, पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले आजोबांचे पिस्तूल.

पिस्तूल आणि नाशिक यांचा संबंध जुना आहे आणि तो विनोदाचा नाही. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. त्या काळच्या ब्राउनिंगमध्ये भरीव पिना आणि स्क्रू असत. रोल पिन पिस्तुलात आली ती पुढे, जेव्हा शस्त्रांच्या कारखान्यांतही भोक रीम करणाऱ्या माणसाचा पगार डोळ्यांत खुपू लागला. मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड 75 या नावाजलेल्या पिस्तुलाच्या पुढच्या आवृत्त्यांत फायरिंग पिन जागेवर राहते ती एका लहानशा रोल पिनच्या भरवशावर. रिकाम्या पिस्तुलाचा चाप पुन्हा पुन्हा ओढायची खोड असली की फायरिंग पिन दर वेळी पुढे धावून या रोल पिनवर आदळते, रोल पिन मध्यभागी चेपते आणि एके दिवशी दोन तुकड्यांत राजीनामा देते.

सामान्य नागरिकाला 9 मिलिमीटरचे पिस्तूल ठेवता येत नाही. ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्याच्या वाट्याला .32 येते. 1980 च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात सामान्यांसाठी बंद झाली, आणि तोवर देशात आलेल्या विलायती पिस्तुलांना त्या दिवसापासून वडिलोपार्जित जमिनीचा भाव आला. परिणाम असा की पिस्तुलाची किंमत लाखांत, त्याला धरून ठेवणाऱ्या पिनेची किंमत कटिंग चहाएवढी, आणि या दोहोंत न मिळणारी वस्तू म्हणजे पिन. मालकाला पिस्तूल मिळवायला जिल्हाधिकारी नाहीतर पोलीस आयुक्तांचे कार्यालय, चारित्र्य पडताळणी आणि ‘जीवितास धोका’ या विषयावर एक निबंध एवढे पुरले होते. पिनेसाठी निबंध लिहून चालत नाही.

शिवाय नवी घालायची तर जुनी आधी निघायला हवी. तिची पकड घट्ट का होते, याची कारणे सगळी घरगुती आहेत. पहिले कारण हवा. इगतपुरी-त्र्यंबककडून येणारा पाऊस शहरात कमी पडतो, पण दमट हवा कपाटात बरोबर पोचते, आणि पोकळ नळीच्या आत गंजाला एकांत मिळतो. दुसरे कारण तेल. दर दिवाळीला थेंबभर ओतलेले शिवणयंत्राचे तेल वर्षानुवर्षांत वाळून लाखेसारखे चिकट होते. तिसरे कारण खंडेनवमी. त्या दिवशी पिस्तूल फडक्यातून बाहेर येते, पाटावर विराजमान होते, त्याला हळद-कुंकू वाहतात आणि वर झेंडूचे फूल ठेवतात. कुंकू जिथे जायचे तिथे जाते. जुन्या तेलात कालवलेल्या कुंकवाचा जो घट्ट लेप पिनेच्या फटीत बसतो, त्याचा उल्लेख शस्त्र दुरुस्तीच्या कोणत्याही विलायती पुस्तकात नाही. चौथे कारण लोकशाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि छाननी समितीने सांगितले की परवान्याचे हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. ज्यांची हत्यारे दोन्ही वेळा मागवली गेली, त्यांच्या पिस्तुलांनी त्या वर्षी मालकापेक्षा जास्त शासकीय मुक्काम केले, आणि मुद्देमालाच्या खोलीत त्यांना तेल घालायला कोणी येत नाही.

पाचवे कारण मात्र माणसाचे आहे. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी चुकीच्या मापाची पिन ठोकून ठेवलेली असते. जुन्या पिस्तुलाचे माप इंचांत, बाजारातल्या पिना मिलिमीटरमध्ये. पाच चौसष्ठांश इंच म्हणजे 1.98 मिलिमीटर, तिथे 2 ची पिन गोडीगुलाबीने बसते. एक सोळांश म्हणजे 1.59, तिथे दीडच्या पिनेची पकड कमी पडते. तीन बत्तिसांश म्हणजे 2.38, तिथे अडीचची शिरते खरी, पण शिरताना फट पूर्ण मिटते, पिन भरीव होऊन जाते आणि स्प्रिंग म्हणून तिचा जो काही स्वभाव होता तो संपतो. अशी पिन फुगून धरत नाही, ती पाचरीसारखी अडकते. अशा वेळी दुकानदाराचे ‘चालून जाईल भाऊ’ हे तीन शब्द कारणीभूत असतात.

आता काढणे. कायदा इथे पहिला येतो: 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे हत्यार दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. मालकाने पुसावे, तेल द्यावे. पिन बदलायची तर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडच्या कारागिराकडे जावे. सातपूरच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे ‘फक्त एक पिन ठोकायचीय’ म्हणून पिस्तूल घेऊन गेल्यास लेथवाला आनंदाने ठोकून देईल आणि पुढचा खुलासा दोघांना मिळून करावा लागेल. दुसरी गोष्ट कायद्याच्याही आधीची. मॅगझिन काढायचे, स्लाइड मागे ओढायची, चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचे आणि मग करंगळीने चाचपायचे. ‘रिकामंच आहे हो’ या वाक्यावर कारागीर विश्वास ठेवत नाही. मालक पोलीस खात्यातून निवृत्त झालेला असला तर मुळीच नाही.

त्यानंतर कारागीर बराच वेळ काहीच करत नाही. मालकाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात भोक आरपार आहे की एका बाजूने बंद, हे पाहणे चालू असते. बंद भोकातल्या पिनेला मागून ठोकता येत नाही, आणि पुढून ठोकले तर ती अजून आत जाते, हे सत्य हातोडी उचलण्यापूर्वी कळलेले बरे. मग पिनेने काय काय अडवून धरले आहे ते पाहायचे. एक्स्ट्रॅक्टरच्या मागे स्प्रिंग असते, सेफ्टीच्या खाली इवलासा प्लंजर असतो. पिन निघाली की ही मंडळी स्वतंत्र होतात आणि स्वातंत्र्य मिळताच थेट सोफ्याखाली जातात. म्हणून सराईत कारागीर हे काम प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत हात घालून करतो. बघणाऱ्याला तो पिशवीत मांजर धुतोय असे वाटले तरी त्याची त्याला फिकीर नसते.

तेलाला रात्र द्यावी. गंज सैल करणारे पातळ तेल पिनेच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब, आणि पिस्तूल आडवे ठेवून झोपी जावे. जुने मिस्त्री डिझेलमध्ये थोडे ऑइल मिसळून तेच काम करतात आणि त्याचे प्रमाण मुलालाही सांगत नाहीत. सकाळी पिन हलत नाही असे दिसले तर आणखी एक रात्र. ज्या घरात लग्नाची बोलणी दोन वर्षे चालतात त्या घरात पिनेला मात्र दोन रात्री देणे जड जाते, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी गॅसच्या शेगडीकडे बोट दाखवतो. तापवायचे नाही. ज्योतीने स्प्रिंगच्या पोलादाचे पाणी उतरते, शेजारचा निळसर मुलामा जातो आणि पिन तिथेच असते. ड्रिल मारायचा सल्लाही असाच येतो. पिनेचे पोलाद टणक, सभोवतीची फ्रेम त्या मानाने मऊ. ड्रिलचे टोक पिनेवरून घसरते आणि आजोबांच्या फ्रेममध्ये स्वतःचे नवे भोक पाडायला घेते.

खरी मदत करतो तो सुंबा, म्हणजे पंच, आणि तोही ठरावीक जातीचा. रोल पिनच्या सुंब्याचे टोक सपाट नसते. मध्यभागी बारीक गोल बोंड असते. ते बोंड पिनेच्या पोकळीत बसते, त्यामुळे सुंबा घसरत नाही आणि जोर पिनेच्या काठावर सारखा पडतो. साध्या सपाट सुंब्याने ठोकले तर पिनेचे तोंड बाहेर फाकते. फाकलेली पिन भोकात आणखी घट्ट बसते, म्हणजे जितके ठोकावे तितकी ती राहायचे ठरवते. सुंब्याची जाडी पिनेपेक्षा किंचित कमी हवी. जाड असेल तर तोच भोकात रुतून बसतो आणि आता काढायच्या वस्तू दोन होतात. लांब, बारीक सुंबा पहिल्याच ठोक्याला वाकतो. म्हणून आधी आखूड, जाडजूड दांड्याचा सुंबा घ्यायचा, पिन जागची हलली की मग लांब. शेजारी उभ्या असलेल्या काकांच्या खिशातून निघालेला, टोक घासून बोथट केलेला खिळा यातल्या कोणत्याही प्रकारात मोडत नाही. तो काकांना आदरपूर्वक परत द्यावा.

आधार हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच विसरला जातो. पिस्तूल मांडीवर, उशीवर किंवा वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यावर ठेवून ठोकले तर हातोडीचा सगळा जोर मांडी, उशी आणि वर्तमानपत्र शोषून घेते. पिनेपर्यंत काही पोचतच नाही. खाली जड, सपाट ठोकळा हवा. त्यात पिनेच्या नेमकी खाली, पिनेपेक्षा मोठे भोक हवे, नाहीतर पिन बाहेर येऊन जाणार कुठे? व्हाइसमध्ये धरायचे असेल तर जबड्यांना पितळेचे किंवा चामड्याचे अस्तर लावायचे. भोकाभोवती दोन थर चिकटपट्टी लावायची, कारण घसरलेल्या सुंब्याचा ओरखडा निळ्या मुलाम्यावर जन्मभर राहतो आणि पाहुणे आल्यावर मालक पिस्तुलाऐवजी त्या ओरखड्याची हकीकत सांगतो.

हातोडी लहान, शे-दोनशे ग्रॅमची. घणाने होणारे काम हे नव्हे. इथे दोन मते आहेत. एक पक्ष हलक्या, पुष्कळ टिचक्या मारतो. दुसरा एकच खणखणीत ठोका देतो. बारीक टिचक्यांनी पिनेचे तोंड फाकायची भीती जास्त, म्हणून आधार पक्का असेल आणि सुंबा सरळ उभा असेल तर पहिला ठोका ठाम असावा, हे मत जास्त पटण्यासारखे आहे. अर्थात मालक शेजारी उभा असताना ठाम ठोका मारायला कारागिराचा स्वभाव लागतो. प्रत्येक ठोक्याला मालकाचे खांदे वर जातात. म्हणून बऱ्याच दुकानांत मालकाला चहा प्यायला पाठवतात आणि तो परत येईपर्यंत पिन निघालेली असते. हा योगायोग नव्हे.

पिन हलली की आवाज बदलतो. अडकलेल्या पिनेचा ठोका ‘टण्’ असा कोरडा लागतो. सुटलेल्या पिनेचा किंचित बद्द. कारागीर डोळ्यांपेक्षा या आवाजावर जास्त भरवसा ठेवतो, आणि म्हणून दुकानात रेडिओ लावलेला असला तरी या पाच मिनिटांत तो बंद होतो.

बाहेर आलेली पिन पुन्हा घालायची नाही. दिसायला ती ठीक असते, मालकाला ती ‘ओरिजिनल’ म्हणून जपावीशी वाटते, पण एकदा चेपून राहिलेली आणि वर मार खाऊन निघालेली पिन पूर्वीइतकी फुगत नाही. सैल पिन पिस्तुलात ठेवणे हे पिन नसण्यापेक्षा वाईट, कारण पिन नसेल तर निदान लक्षात तरी येते.

नव्या पिनेचा शोध हे नाशिकमध्ये वेगळे प्रकरण आहे. एकेकाळी असली कामे अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारात होत. जुन्या यंत्रांच्या ढिगात इंची मापाची पिन शोधणारा माणूस तिथे सकाळी जायचा आणि पिनेबरोबर एक मिक्सर, दोन बेअरिंगे घेऊन संध्याकाळी घरी यायचा. जानेवारी 2017 मध्ये महापालिकेने तो बाजार अनधिकृत म्हणून जमीनदोस्त केला. बाजार पुन्हा आला, तो पुन्हा काढावा लागला. शस्त्रासाठी मात्र भंगारातली पिन घेऊच नये. तिचे पोलाद कोणते, ती आधी कुठे राहून आली, काही सांगता येत नाही. माप आधी भोकाचे घ्यायचे, जुन्या पिनेचे नव्हे. व्हर्नियरने एवढे लहान भोक नीट मोजता येत नाही; ड्रिलच्या बिट्सच्या मागच्या, गुळगुळीत दांड्या एकेक करून घालून पाहिल्या की माप सापडते. लांबी पिस्तुलाच्या रुंदीपेक्षा केसभर कमी, म्हणजे टोके बाहेर डोकावणार नाहीत आणि हाताला ओरबाडणार नाहीत.

घालणे हे काढण्यापेक्षा सोपे असते, असे काढून झाल्यावर वाटते. पिनेची टोके किंचित निमुळती केलेली असतात, पण दोन मिलिमीटरची पिन बोटांत धरून तिच्यावर हातोडी मारायची म्हटले की अडचण पिनेची नसते, बोटांची असते. त्यासाठी पोकळ तोंडाचा सुंबा मिळतो. पिन त्याच्या तोंडात अर्धी बसते आणि बोटे दूर राहतात. तो नसेल तर नाकाडी पक्कडीत हलकेच धरावी. आत बसवायच्या भागांची भोके आधी एका रेषेत आणायची. त्यासाठी समोरून एक बारीक, भरीव, गुळगुळीत सळई घालून ठेवतात. नवी पिन मागून पुढे सरकते तशी ती सळई पुढून बाहेर ढकलली जाते. ही युक्ती ज्याला माहीत नाही तो स्प्रिंग दाबून, प्लंजर धरून, दातात सुंबा घेऊन तिसरा हात शोधत बसतो, आणि मग बायकोला हाक मारतो, आणि मग दोघांत पिनेशी संबंध नसलेला वाद सुरू होतो.

पिन अर्धी गेली की थांबून पाहावे. वाकडी जात असेल तर इथपर्यंतच सरळ होण्यासारखी असते. पूर्ण गेल्यावर दोन्ही बाजूंवरून नख फिरवायचे. नखाला काही लागू नये. मग स्लाइड मागेपुढे करून एक्स्ट्रॅक्टर मोकळा हलतो का, सेफ्टी दोन्ही जागी टिचकी देऊन बसते का, हॅमर आणि चाप यांचे काम ठीक चालते का, हे रिकाम्या पिस्तुलावर तपासायचे. फायरिंग पिन सीझेड 75 सारखी रोल पिनच्या भरवशावर असेल आणि इथे चाप ओढायची वेळ आली तर चेंबरमध्ये नकली काडतूस घालावे, म्हणजे नवी पिन पहिल्याच दिवशी मार खाणार नाही. मुलाम्यावरचे तेल पुसायचे. कुंकू निघाले असेल तर तेही.

कारागीर नंतर नोंदवहीत परवाना क्रमांक, हत्याराचा क्रमांक आणि ‘पिन बदलली’ एवढे लिहितो. बिल दीडशे रुपयांचे झाले तर मालक विचारतो, ‘पिन कितीची?’ ‘पाच रुपयांची.’ ‘मग बाकीचे?’ कारागीर समोरच्या काचेच्या कपाटाकडे पाहतो. तिथे गेल्या महिन्यात खिळ्याने ठोकून आणलेले एक पिस्तूल अजून दुरुस्तीची वाट पाहत पडलेले असते.